फिर्यादी हजर

आमचं गाव शहागडच्या अलीकडं, हायवे सोडून आत, अन् आम्ही मेंढरंवाले, म्हणजे घर म्हणाल तर पावसाळ्यापुरतं, बाकी सालभर घोड्यावर बिऱ्हाड. आम्ही दोघंच भाऊ, थोरला किसनदादा अन् मी म्हाळू. आई लवकर गेली तर मला दादानंच वाढवलं, खांद्यावर घेऊन मेंढरांमागं हिंडायचा म्हणे, मला काही याद न्हाई. माझं तोंड फटकळ, हे आधीच सांगून ठेवतो, मंग म्हणू नका.

तर बाप गेला अन् दादा म्हणे, बस झालं हिंडणं, लेकरं शाळेत घालू, वावर करू. त्यानं त्याच्या वाट्याची मेंढरं इकली, मी माझी ठेवली. एका साली माझी मेंढरं घुसली त्याच्या कपाशीत अन् पार शेंडे खुडून टाकले. दादा शिव्या देत आला, मी काय कमी हे का, मी पण दिल्या, अन् बोलता बोलता हातातली काठी बसली त्याच्या डोक्यात. बसली म्हणजे मीच मारली, आता कशाला खोटं बोलू. चार टाके पडले. त्यो तसाच रगताच्या सदऱ्यानं ठाण्यात गेला अन् केस केली माझ्यावर. सख्ख्या भावावर! जमानत झाली अन् मी मेंढरं घेऊन नदी उतरून पलीकडं निघून गेलो, चार-चार महिने गावाचं तोंड पाहायचो न्हाई.

एक डाव तिकडं पाव्हणा आल्ता निरोप घेऊन, दादा म्हणतो कोर्टाची तारीख हे, तू फक्त ये. मी म्हणलं, वा रे वा, मला आत घालायला आवतन धाडतो काय, त्याला सांग म्हाळू मेला. दुसऱ्या खेपेला आला तर पाव्हण्याच्या अंगावर कुत्रंच सोडलं. मंग कोणी आलं न्हाई.

पुढं मेंढरं राह्यली न्हाईत, चरायला रानच राह्यलं न्हाई. जालन्याला आलो, एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात लागलो, भट्टीपाशी उभं राहून राहून डोळे अधू झाले, गुडघे गेले. बायको इथंच वारली. एक पोरगी, ती बदनापूरला दिली, फोन करती बिचारी, पण तिला तिचं घर हे. दादा गेला तव्हा जावयाचा फोन आल्ता, मामा, चला मातीला, मी गाडी घेऊन येतो. मी म्हणलं, ज्यानं मला आरोपी केलं त्याला मी माती देऊ? गेलो न्हाई. त्या दिवशी डबल ड्युटी केली, पाहा.

आता भट्टीचं काम व्हईना तर एका ठेकेदारानं गेटवर बसवलं, वाचमन म्हणून. चांगलं काम हे, सावलीचं. पण दोन-तीन महिन्यानं म्हणे, बाबा, पोलिसाचं चारित्र्याचं सर्टिफिकेट आणा, न्हाईतर मला दुसरा माणूस पाहावा लागंल. ऑनलाइन अर्ज भरला, तर ठाण्यातून फोन, बाबा, तुमच्यावर एक केस हे, अजून चालूच हे. माझं डोकं असं सणकलं म्हणता! म्हणलं, एवढी सालं झाली, माणूस मरून गेला, अन् मेल्यावरही माझ्या भाकरीवर पाय देऊन राह्यला. खोलीत एकटाच बसून दादाला शिव्या दिल्या, मोठ्यानं. ऐकायला कोणीच नव्हतं.

मंग सुरू झालं माझं हिंडणं. गावाकडच्या ठाण्यात गेलो, जमादारानं जुनं रजिस्टर काढलं, बोट फिरवत फिरवत आला माझ्या नावावर, चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, म्हणे, आमच्याकडं एवढंच, पुढं काय झालं ते कोर्टात कळंल. कोर्टात गेलो तर खिडकीवरची बाई म्हणे, लई जुनी हे बाबा, कम्प्युटरात न्हाई, रेकॉर्डरूमला अर्ज करा. अर्ज केला, तिकीट लावलं, म्हणे आठ दिवसानं या. गेलो, म्हणे बस्ता, म्हणजे जुन्या फायलींचं गाठोडं, सापडला न्हाई, परत या. ड्युटी करून जायचो, बाकड्यावर बसायचो. समदे लोक कोणासंगं तरी आलेले, कोणाची बायको, कोणाचा मेव्हणा, मीच एकटा. पण घुस्सा होता ना, घुस्सा बी सोबतच करतो माणसाला. मला तो कागद पाहिजेच होता, दादानं कसं माझं वाटोळं केलं ते लिहिलेला.

चौथ्या खेपेला रेकॉर्डवाले साहेब बस्ता घेऊन आले, रिटायरीला आलेला माणूस, धूळ झटकली, गाठ सोडली. मी म्हणलं, साहेब, मी चौथी शिकेल, कोर्टाचं अक्षर काही वाचवत न्हाई, तुम्हीच सांगा. त्याह्यनं रोजनामा काढला, म्हणजे तारखेला कोर्टात काय झालं, कोण आलं, कोण न्हाई ते लिहितात तो कागद. वाचाय लागले. फिर्यादी हजर, आरोपी गैरहजर. पुढची तारीख. फिर्यादी हजर, आरोपी गैरहजर. पुढची तारीख. मी म्हणलं, पाहा साहेब, कसा हात धुऊन मागं लागला होता! साहेबानं पान उलटलं अन् एक अर्ज माझ्यापुढं ठेवला. खाली दादाचा अंगठा. म्हणे, ऐका बाबा. माझी भावाबद्दल काही तक्रार राहिली नाही, केस मिटवायची आहे, भाऊ मेंढरं घेऊन बाहेरगावी आहे, त्याला हजर राहण्यास मुदत द्यावी, वॉरंट काढू नये.

साहेब म्हणे, आरोपी समोर आल्याबिगर तडजोड व्हत न्हाई, म्हणून ते येत राह्यले. बारा तारखा आले. मंग कोर्टानं वॉरंट काढलंच, पोलिसानं लिहून दिलं, आरोपी मिळून आला न्हाई, अन् फाईल बाजूला पडली.

काय सांगू तुम्हाला. मी तिथंच खाली बसलो. साहेबानं पाणी दिलं, म्हणे, सही करा अन् नक्कल घेऊन जा.

नक्कल घेऊन एका वकीलबाईकडं गेलो, त्या म्हणल्या, फिर्यादी वारला तरी त्याची बायको मिटवू शकती, कोर्टाच्या परवानगीनं. म्हणजे वैनीच्या दारात जाणं आलं. कसा गेलो माझं मला मालूम. वैनी तूर पाखडून राह्यल्या होत्या. वर पाह्यलं, म्हणल्या, मातीला यायचं झालं न्हाई, आता बरी वाट सापडली. मी म्हणलं, वैनी, मारा, पण मी दादाचा अर्ज ऐकला. सूप तसंच हातात राह्यलं. मंग ते खाली ठेवलं अन् म्हणल्या, तारीख सांग.

कोर्टात पहिले माझं वॉरंट रद्द झालं, मंग शिपायानं पुकारा केला, दादाच्या नावानं. किसन अमुक तमुक हाजिर है? तीनदा. जुनी फाईल ना, तिच्यात नाव त्याचंच. कोणी ओ दिली न्हाई. जजमॅडमनं लिहून घ्यायला सांगितलं, आरोपी हजर, फिर्यादी मयत. वैनीनं अंगठा दिला अन् केस मिटली, पाच मिन्टं बी लागली न्हाईत.

बाहेर लिंबाखाली वैनीला म्हणलं, चला, काही खाऊन घ्या. न्हाई म्हणल्या. म्हणल्या, तारखेच्या दिवशी ते मला दोघांची भाकर बांधायला लावायचे, म्हणायचे म्हाळू येईल तर उपाशी येईल, त्याला भूक निघत न्हाई. तुझी तशीच परत आणायचे. मी शेळीला घालायची. एवढं बोलल्या अन् एस्टीत बसल्या.

सर्टिफिकेट आलं, साफ हे, कोणता गुन्हा न्हाई म्हणून लिहिलंय. नोकरी राह्यली. गावाकडं अजून गेलो न्हाई, वैनीनं बोलावलं न्हाई अन् मी बी तोंड घेऊन जाऊ कोणतं. तुम्ही एवढं बसून ऐकलं, खंडोबा तुमचं भलं करो. गेटवर नवीन पोरं येतात, इचारतात, बाबा, तुम्हाला भाऊ-बीऊ कोणी? पहिले मी बिलकुल न्हाई म्हणायचो. आता सांगतो, होता, लई चांगला होता.