फाटकाबाहेरच्या खुर्च्या

अगं, आमच्या टाउनशिपची वैशू शाळकरी मुलांसाठी अन्यायाविरुद्धच्या कादंबऱ्या लिहिते ना, तिचं परवा ऑफिसर्स क्लबात भाषण होतं. तिला ऐकायला कामगारांच्या छोट्या क्वार्टरमधली मुलं तिची पुस्तकं घेऊन आली, तर चौकीदाराने फाटकावरच अडवलं. “सिर्फ अफसरों के बच्चे.”

मी स्टेजवर हार घालायला गेले, तर फाटकावरचा तो प्रकार बघून वैशू स्वतःची खुर्ची उचलून निघालीच!

“अगं, कुठे?”

“बाहेर, काकू. लहानपणी मीही तिथूनच परत जायचे.”

हार माझ्या हातातच. ती मुलांमध्ये बसून बोलू लागली आणि बघता बघता एकेक साहेब आपापली खुर्ची घेऊन तिच्यामागे बाहेर गेला.

रिकाम्या क्लबाकडे बघत चौकीदार मला म्हणाला, “भाभीजी, अब मैं किसको रोकूँ?”