सासूबाई खोल पाण्यात

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे साहेब, व्यासपीठावर बसलेले आणि आपण घड्याळाकडे बघतच नाही असं दाखवणारे मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या टेस्टिंगच्या बाई, त्यांचे यजमान, पहिल्या रांगेत अगदी मधोमध बसलेल्या त्यांच्या सासूबाई, माझे सहकारी, आणि भाषणांनंतरच्या खाण्यासाठी अगत्याने आलेले शेजारच्या ऑफिसातले मित्रहो!

थोडक्यात आटोप आणि तांत्रिक काही बोलू नकोस, असं साहेबांनी मला सकाळीच बजावलंय. दोन्ही सूचना मी अत्यंत आदराने ऐकून घेतल्या आहेत.

तर बाई आज निवृत्त होताहेत. बाईंचं काम काय होतं? आम्ही बनवलेलं मोडून दाखवणं. एरवी माणूस वस्तू मोडतो आणि बोलणी खातो. बाई मोडायच्या आणि बोलणी आम्ही खायचो. मी स्क्रीन बनवायचो, म्हणजे तुम्हाला दिसतात ते रकाने आणि बटणं. त्यामागचा, तुम्हाला न दिसणारा, जावा भाषेतला कोड लिहायचा आमचा पंडित. तो तिथे खांबामागे बसलाय. पंडित, जरा पुढे ये की! नाही येत. बरं, राहू दे.

काही वर्षांपूर्वी एका पोहण्याच्या तलावाचं काम आमच्याकडे आलं. घरबसल्या नावनोंदणी करायची. आता एका घरात माणसं किती, हे आधी कसं कळणार? म्हणून मी फॉर्मवर एक बटण ठेवलं: ‘अजून एक जोडा’. दाबलं की नवी ओळ उमटायची. त्यात नाव, वय आणि शेवटी एक छोटा चौकोन, ‘पोहता येतं’. येत असेल तर टिक करायची, नसेल तर कोरा सोडायचा. टिक असलेल्यांना खोल तलाव, बाकीच्यांना उथळ. यात चुकण्यासारखं काय आहे, तुम्हीच सांगा! आम्हीही तेच म्हणालो होतो.

बाई तपासायला बसल्या. दुसरे लोक तपासताना ‘अबक’, ‘कखग’ असली नावं टाकतात. बाईंना ते चालायचं नाही. त्या म्हणायच्या, “खोटी माणसं टाकली की चुका पण खोट्याच सापडतात.” म्हणून त्यांनी घरची माणसं घातली. मानाप्रमाणे पहिल्या ओळीत सासूबाई. मग ‘अजून एक’ दाबून यजमान. मग ‘अजून एक’ दाबून धाकटे दीर. घरात पोहता येतं ते फक्त दिरांना, म्हणून टिक फक्त त्यांच्या पुढे. बटण दाबलं, यादी आली, आणि बाई खुर्चीतून उठून ओरडल्या, “अहो, सासूबाई खोल पाण्यात गेल्या!”

ऑफिसातले सगळे धावत आले. कुणी बाईंना पाण्याचा पेला दिला, मग पाणी या विषयाचं भान येऊन परत घेतला. साहेबांनी तर जागच्या जागी सुट्टी मंजूर केली. न मागता त्यांनी मंजूर केलेली ती एकमेव सुट्टी. बाई म्हणाल्या, “अहो, खऱ्या नाही, यादीतल्या!” तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला. सासूबाई, तुम्ही हसताय ना? नाही, नुसत्याच बघताय. पुढे जातो.

झालं होतं असं. (साहेब, हे तांत्रिक नाही, हे कौटुंबिक आहे.) फॉर्म पाठवला की नावांची एक रांग जाते आणि टिकांची दुसरी. पंडितचा कोड पहिल्या नावाला पहिली टिक द्यायचा, दुसऱ्याला दुसरी. पण कोरा चौकोन ‘नाही’ म्हणत नाही. तो काहीच म्हणत नाही! ब्राउझर त्याला पाठवतच नाही. त्यामुळे नावं आली तीन आणि टिक आली एकटी. ती बिचारी सापडेल त्या पहिल्या माणसाच्या गळ्यात पडली. आणि आमच्या बाईंच्या घरात पहिलं माणूस कोण, हे मी वेगळं सांगायला नको.

मग चूक कुणाची यावर वाद. पंडित म्हणाला, स्क्रीनने पाठवलंच नाही तर जावा काय करणार? मी म्हणालो, आलेलं नुसतं क्रमाने वाटत सुटायचं कशाला? आम्ही दुपारभर एकमेकांवर ढकलत राहिलो. बाई तोवर एका घरात दोन आज्या, तीन काकू असं काय काय घालून बघत होत्या. खोल तलावात रांगच लागली होती.

दुसऱ्या दिवशी काम सोपवायचं होतं आणि बाईंच्या सहीशिवाय ते जात नसे. साहेब त्यांच्या टेबलापाशी आले. म्हणाले, “एवढ्याशा टिकेसाठी थांबायचं का हो? पाण्यात सोडण्याआधी तिथले शिक्षक विचारतीलच ना!”

बाई म्हणाल्या, “विचारणार असते तर त्यांनी आपल्याकडून यादी कशाला करून घेतली असती? ते यादी बघणार आणि सोडणार.”

“तुमच्या बढतीचा कागद माझ्या टेबलावर आहे, बाई.”

“असू द्या. माझी सही माझ्याकडे आहे.”

साहेब, तुम्ही मानेने नाही म्हणताय, पण पंडितने ऐकलंय, मी ऐकलंय. नंतर तुम्ही मोठ्या मनाने तो प्रसंग विसरलात. बढती द्यायचीही विसरलात. म्हणजे दिलीत, पण पंडितला! टाळ्या थांबवा रे, तो आणखी मागे सरकतोय.

काम लांबलं. तलाववाले फोनवरून काय काय बोलले ते या सभागृहात सांगण्यासारखं नाही. पंडितने प्रत्येक ओळीला क्रमांक दिला, म्हणजे टिक येतानाच सांगेल की मी अमक्या ओळीची. झकास चाललं. बाईंनी मग अख्खं घर भरून मधल्या ओळीतल्या दिरांना काढून टाकलं, आणि त्यांच्या मागच्या ओळीतल्या नणंदा, भाचे, सगळे गायब! क्रमांक मध्येच तुटला की पंडितचा कोड समजायचा, माणसं संपली. बाई यादीकडे बघून म्हणाल्या, “हे दुरुस्त करा, पण याची एक प्रत मला घरी न्यायला द्या.” सासूबाई, हे त्यांनी गमतीत म्हटलं होतं. बहुतेक.

शेवटी सही झाली. तलाव उघडला त्या सकाळी बाई मला आणि पंडितला ओढत तिकडे घेऊन गेल्या. आम्हाला वाटलं, सत्कार असेल. कसला सत्कार! दारात कुणी ओळखलंसुद्धा नाही. शिक्षक हातात यादी घेऊन नावं पुकारत होते आणि खरंच, कुणाला काही विचारत नव्हते. नाव घेतलं, बोट दाखवलं, उडी.

उथळ तलावात एक छोटा मुलगा गुडघाभर पाण्यात बसून भोकाड पसरत होता. त्याची ताई पलीकडे खोल पाण्यात मासोळीसारखी पोहत होती. “ताईला तिकडे, मग मला का नाही?” पंडितने शिक्षकांच्या हातातली यादी वाकून बघितली. त्यांच्या आईने धाकट्याचं नाव आधी लिहिलं होतं, ताईचं नंतर. टिक फक्त ताईपुढे, अगदी बाईंच्या घरच्या यादीसारखी. पंडित काठावरच्या ओल्या बाकावर बसला. मीही बसलो. त्यानंतर चूक कुणाची यावर आम्ही कधी भांडलो नाही.

बाई त्या मुलाजवळ गेल्या आणि त्याची समजूत काढायला लागल्या. त्याने रागाने ओंजळभर पाणी त्यांच्या अंगावर उडवलं. बाई तशाच ओल्या कपड्यांनी ऑफिसात आल्या आणि दिवसभर गुणगुणत काम करत होत्या. मी त्यांना इतकं खूश कधीच बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

बाई, जे घडलं नाही त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. म्हणून मी आज सगळ्यांसमोर तोंडाने सांगतो. तो मुलगा आता मोठा झाला असेल. पहिल्याच दिवशी आपल्याला मोठ्या तलावात जाऊ दिलं नाही, याचा राग त्याच्या मनात अजून असेल. तो राग तुमची कमाई आहे. आम्हाला तुमची फार आठवण येईल हो, बाई.

अध्यक्षांनी मला मध्ये थांबवलं नाही, सासूबाईंनी उठून जाण्याचं टाळलं आणि तुम्ही सगळ्यांनी खाणं गार होऊ दिलं, याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात तोंडून काही उणंअधिक गेलं असेल तर सभागृहाने मला माफ करावं. बाई, तुम्ही मात्र माफ करू नका. काय चुकलं ते सांगा. उद्यापासून कोण सांगणार आहे?