तिसरी हाक

एकटीनं परदेशात फिरायला घाबरायचं काय, असं तुम्ही म्हणता ना, मग माझं मस्कतचं ऐका.

तिकडे भर दुपारी दुकानं बंद असतात, हे मला कुठे ठाऊक. जुन्या बाजाराच्या बोळात शिरले आणि चुकले. फोन बंद पडलेला, आजूबाजूला चिटपाखरू नाही. तेवढ्यात मागून हाक आली, "सुमे."

अंगावर काटा आला. पासपोर्टवर मी सुमेधा. सुमे म्हणणारी माणसं सगळी रत्नागिरीत. आणि आईची लहानपणापासूनची ताकीद, भर दुपारी मागून हाक आली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, वळून बघायचं नाही. भूत तिसरी हाक मारत नाही.

पुन्हा आली. "गो सुमे."

मी पाय उचलले. सगळा जीव कानात. तिसरी हाक काही येईना. मग मात्र मी जी पळत सुटले, ती मोठ्या रस्त्यावर टॅक्सी दिसली तेव्हाच थांबले.

खोलीवर येऊन फोन चार्जिंगला लावते तोच आईचा फोन. आवाज रडवेला.

"सुमे, बरी आहेस ना गो? तुझ्या वर्गातला पूर्णगडचा युनूस मस्कतला असतो. त्याच्या आईनं आत्ता फोन केलान. त्याला म्हणे भर दुपारी बोळात तू दिसलीस. दोन हाका मारल्यान, तू ओ दिली नाहीस, वळलीसुद्धा नाहीस. तिसरी मारायचा त्याला धीर झाला नाही, पळाला तो. म्हणतो, सुमी जिवंत आहे ना, तेवढं विचारा."