गोदावहिनींच्या भिंतीवरची सफरचंदं

सन्माननीय अध्यक्ष जानकीरामराव, व्यासपीठावरच्या ज्येष्ठ मंडळींनो, पुण्याहून मुद्दाम आलेल्या पाहुण्यांनो, आमच्या कुंभकोणमच्या मराठी मंडळाच्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या गोदावहिनी,

वहिनी उद्या लेकीकडे होसूरला राहायला जातात. निरोपाचं बोलायला मला उभं केलं, कारण मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. आज त्या भिंतीबद्दलच बोलतो.

वहिनींचे यजमान हनुमंतराव इथून जवळच्या सुंदरपेरुमाळ कोयिलला स्टेशनमास्तर होते. निवृत्त झाले आणि हिमाचलातून सफरचंदाची दोन रोपं मागवली. कावेरीकाठी सफरचंद! हसलो नसतो तर काय केलं असतं? जागा म्हणाल तर विहीर आणि भिंत यांमधली चिंचोळी पट्टी. त्यांनी भिंतीवर आडव्या तारा ताणल्या. फांदी कोवळी असतानाच ती आडवी वळवायची आणि केळीच्या वाळक्या दोऱ्यांनी तारेला बांधायची. झाडं भिंतीला चिकटूनच पसरली, हात फैलावून उभ्या माणसांसारखी. पानं भरपूर आली. फूल मात्र एक नाही.

आणि मग हनुमंतरावांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. त्यांचा पलंग त्या भिंतीसमोरच्या खिडकीशी लावला.

आमच्याकडे थंडी कुठली? थंडी नाही म्हणून झाड झोपत नाही, आणि झोपल्याशिवाय फुलत नाही. त्यावर उपाय एकच, सगळी पानं हातानं खुडायची. झाडाला वाटतं, हिवाळा येऊन गेला. हनुमंतरावांनी हे वहिनींना आधी सांगून ठेवलं होतं. पण करायचं कसं? हनुमंतरावांच्या थोरल्या बहीण सुब्बलक्ष्मी अक्का तिरुप्पनंदाळहून आल्या होत्या. त्या दारात वाट अडवून उभ्या राहिल्या.

"घरांत माणूस असा पडलेला, आणि हिरवं झाड उघडं करतीस? नोको गोदे, नोको."

वहिनी खिडकीशी गेल्या. "अहो, काय करूं? झाड मेलं तर?"

हनुमंतरावांचे ओठ कितीतरी वेळ हलत राहिले. मग शब्द आला. आजारानंतरचा पहिला.

"अस्की."

अस्की म्हणजे सगळी. पाहुण्यांसाठी सांगतो, आमची मराठी जरा जुनी आहे.

वहिनींनी पान न् पान खुडलं. रडत होत्या, पण हात थांबला नाही. उरल्या नुसत्या काटक्या, तारेला बांधलेल्या. रोज सकाळी त्या काटक्यांकडे बघायचं माझ्यानं होत नसे. अक्का वहिनींशी बोलेनाशा झाल्या. हनुमंतराव मात्र खिडकीबाहेर बघत असत.

आणि एका सकाळी वहिनींनी भिंतीवरून मला हाक मारली. मी गेलो. काय सांगू तुम्हाला? काटक्यांवर पान नव्हतं आणि तारांच्या ओळीच्या ओळी फुलल्या होत्या. कळ्या गुलाबी, उमललेली फुलं पांढरी. मी चपला काढल्या. का काढल्या, विचारू नका. अख्खी गल्ली आली. सुब्बलक्ष्मी अक्का आल्या, भावाच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "बघितलास, हनुमंता?" ते केव्हाचे बघतच होते. गालावरून पाणी वाहत होतं.

फळं धरली. पहिली फोड वहिनींनी त्यांना भरवली. त्यानंतर दोन बहर पाहून हनुमंतराव गेले.

परवा मी वहिनींना विचारलं, "आता झाडांचं काय?" अक्का आतून म्हणाल्या, "मी राहतें इथं. माझे हात आहेत अजून."

वहिनी, एवढं आश्चर्य तुम्ही आम्हाला आमच्याच भिंतीवर दाखवलंत, त्याचे आभार कुठल्या शब्दांत मानू? अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. दाराशी अक्का ताट घेऊन उभ्या आहेत, त्यात यंदाची फळं आहेत. माणसं पुष्कळ, फळं थोडी. फोड नखाएवढी मिळेल. राग मानू नका, सावकाश खा.