सहाशे चाळीस पानांत नसलेलं दार

(बोरीचं वाचनालय. रविवार, दुपारचे दोन. चार वाजता इथंच सिद्धोधन सरांचा त्यांच्या कादंबरीसाठी सत्कार आहे. वाचनालयातला श्रीशैल त्यांना वाचकांचे अभिप्राय वाचून दाखवतोय.)

श्रीशैल : ...आणि बन्सीधर गुरुजींनी पेन्सिलीनं लिहिलंय, 'पहिल्या दोनशे पानांत नुसतं गाव आहे. भूत दोनशे तेराव्या पानावर येतं. तोवर वाचक मरतो.' सर, हसू नका. चार वाजता हे सगळं मला जाहीर वाचायचंय.

सिद्धोधन : वाचा की. सहाशे चाळीस पानं लोकांच्या डोक्यावर मारलीत, चार शिव्या ऐकायला काय जातंय? पुढं?

श्रीशैल : पानटपरीवाला महारुद्र म्हणतो, शेवट फुसका. 'बारवेतून वर आलेली पोरगी सगळं गाव गिळंल असं वाटलं, तर ती नुसती दारं वाजवत हिंडली.' अंगणवाडीच्या रुख्मिणीताई म्हणतात, वाचल्यापासून भर दुपारीसुद्धा कडी लावून बसते. सुकेशनी मॅडमनी मात्र पान भरून लिहिलंय. 'भूत खोटं आहे, गाव खरं आहे. आपल्याकडं भीतीवर असं कुणी लिहिलं नव्हतं.'

सिद्धोधन : मॅडमचं शेवटी घ्या.

श्रीशैल : शेवटी तात्यारावांचं ठेवलंय. ऐका. 'पुस्तक चांगलं, पण आई पटली नाही. पोटची पोर चाळीस दिवस ओल्या पायांनी उंबऱ्यावर येते, आई म्हणून हाक मारते, आणि बाई दार उघडत नाही? अशी आई जगात नसते.'

नागुबाई : असती.

सिद्धोधन : कोण? ...नागुकाकू? तुम्ही कधी आलात?

नागुबाई : मगाशीच. पेपरच्या टेबलापाशी बसले व्हते. तुमी वळखताव का न्हाई म्हणलं. तुमी पाथरीला बदलून जाईपर्यंत सात वर्सं समोरासमोर ऱ्हायलो की आपुन. आमचं दार, मधी गल्ली, तुमचं दार.

श्रीशैल : सर, मी सांगणारच होतो. काकूंना वाचता येत नाही. पाच महिने रोज दुपारी मी त्यांना तुमची कादंबरी वाचून दाखवली. अख्खी.

सिद्धोधन : अख्खी?

नागुबाई : एक पान सोडू दिलं न्हाई त्याला. लेकरू कटाळायचं, मी म्हणायची, वाच बाबा. तुमच्या पुस्तकातल्या पोरीच्या हनुवटीवर तीळ हाय. माझ्या लेकीच्या, शिवकन्येच्या बी व्हता... हाय.

सिद्धोधन : काकू, कादंबरीत इकडचं तिकडचं घ्यावं लागतं. माणसं जुळवावी लागतात.

नागुबाई : मी भांडायला आले न्हाई, सर. समद्यांनी आपली मतं लिवली, माझं बी ऐका. गुरुजी म्हणतेत पुस्तक लांब हाय. लांब न्हाई. ती दार उघडत न्हाई, ते तुमी सहा पानं लिवलं. श्रीशैल म्हणला, काकू, हे लय लांबलंय. मी म्हणलं, न्हाई रे. कडीपाशी उभं ऱ्हायलं की तेवढाच येळ लागतो.

श्रीशैल : काकू, पाणी घेता का?

नागुबाई : नगं. सर, तुमाला ठावंच हाय, तरी सांगते. चार वर्सं झाली. उन्हाळ्याची दुपार. ती त्या भीमनगरच्या पोरासंगं जाऊन आठ दिस झाले व्हते. त्याच्या घरच्यांनी भिऊन त्याला कुठंतरी लांब धाडलं आन ही एकटी माघारी आली. कडी वाजवली. 'आई, मी हाय' म्हणली. मी उठले तर मालकांचा हात कडीवर. म्हणले, उघडलंस तर तू बी भाईर. मी उघडलं न्हाई. मंग आवाज थांबला. दिस कलल्यावर मालक उठून गेले, मी दार उघडलं, तर गल्लीत कुत्रं बी न्हाई. त्या दिसापासनं तिची खबर न्हाई. ठाण्यात कागद झाला, बारवेत गळ टाकले, काई निघालं न्हाई.

सिद्धोधन : मला माहीत आहे, काकू. सगळ्या गावाला माहीत आहे.

नागुबाई : गावाला आता येगळंच माहीत झालंय. तुमचं पुस्तक आलं आन लोक बारवेवर लिंबं ठिवायलेत. अवसेला नारळ फोडायलेत. बारकी पोरं एकमेकाला भिवडवायलेत, 'शिवी आली, शिवी आली.' पुस्तकात तिचं नाव दुसरंच हाय, पर लोकांनी वळखलं. रुख्मिणी दुपारची कडी लावून बसती, आताच वाचलं न्हवं ह्यानं?

श्रीशैल : होय, काकू.

नागुबाई : मंग मला सांगा, उद्या माझी पोरगी खरंच आली तर? येष्टीतून उतरली, दमलेली, आन कुणाचं बी दार वाजवलं, तर कोण उघडंल? त्या दिशी माझं एकटीचं दार बंद व्हतं. आता समद्या गावाची बंद झाली, सर.

सिद्धोधन : असं नका म्हणू. पुस्तक आहे ते नुसतं.

नागुबाई : चारला लोक जमतील. माझं एकच मागणं हाय. हार घालून घ्या, भाषण करा, पर मधी एवढं बोला की ती मेली न्हाई. मी पाया पडते तुमच्या.

सिद्धोधन : काकू, उठा. अहो, मी कसं सांगू? मला काय माहीत ती...

नागुबाई : तुमाला माहीत हाय.

सिद्धोधन : काय?

नागुबाई : तुमच्या पुस्तकातली पोरगी तीनदा कडी वाजवती. मंग थांबती. मंग कपाळ टेकवती दाराला, आन हाताच्या पंजानं हळू हळू थापटती, जसं लेकराला झोपवायलेत. दाराच्या आत मालक आन मी, दोघंच व्हतो. कपाळ टेकलेलं आमाला दिसलं न्हाई. पर थापटणं मी ऐकलं. ते मी कुणापाशी बोलले न्हाई चार वर्सांत. तुमाला कुणी सांगितलं?

श्रीशैल : सर?

सिद्धोधन : श्रीशैल, दार लोटून घ्या जरा.

श्रीशैल : नाही. राहू द्या उघडं. बोला.

सिद्धोधन : ...मी खिडकीत होतो. फट होती. पाहिलं मी.

नागुबाई : आन मंग?

सिद्धोधन : मग ती वळली. गल्ली ओलांडून माझ्या दाराशी आली.

नागुबाई : तुमच्या?

सिद्धोधन : 'सर, पाणी तरी द्या' म्हणाली. पुन्हा म्हणाली, 'सर, तुम्ही आत आहात, पंख्याचा आवाज येतोय.' मी पंखा बंद केला.

श्रीशैल : पंखा बंद केला!

सिद्धोधन : मी काय करणार होतो? आठ दिवसांआधी आमच्या भीमनगरच्या वस्तीवर दगड पडले होते. पोरगा आमच्यातला. ती माझ्या घरात सापडली असती तर गाव म्हणालं असतं, ह्या सरानंच लपवली होती. आत माझी साक्षी झोपली होती, तीन वर्षांची. मी तिच्याकडं बघत बसलो.

नागुबाई : हे पुस्तकात न्हाई.

श्रीशैल : नाही, काकू. त्या घरासमोर पुस्तकात घरच नाही. रिकामा प्लॉट आहे, बाभळी वाढलेल्या. मीच वाचलंय तुम्हाला.

नागुबाई : सहाशे पानं लिवली, सर, आन आपलं दार तेवढं गाळलं. माझं मातर लिवलं. तात्याराव म्हणतो, अशी आई नसती. तुमी ऐकून घेतलं.

सिद्धोधन : घेतलं.

नागुबाई : ती कुठं गेली? बारवेकडं?

सिद्धोधन : नाही. मी गच्चीवर जाऊन पाहिलं. बारवेकडं वळलीच नाही ती. मोठ्या रस्त्याला लागली. जिंतूरकडं जाणारी जीप भरत होती. तिच्यात चढली.

नागुबाई : तुमच्या डोळ्यांनी बघितलं?

सिद्धोधन : माझ्या डोळ्यांनी. जीप पुलापलीकडं जाईपर्यंत बघत होतो.

नागुबाई : जित्ती गेली. श्रीशैल, ऐकलंस का रे? जित्ती गेली माझी बाई! चार वर्सं मी त्या बारवेच्या पाण्यात बघायले...

श्रीशैल : सर, ठाण्यातून लोक आले होते गल्लीत. घरोघर विचारलं होतं. तुम्हालाही विचारलं असेल.

सिद्धोधन : विचारलं. झोपलो होतो म्हणालो. एकदा तसं म्हटल्यावर मग रोज तेच म्हणावं लागलं. मग लिहायला बसलो. लिहिताना ती मेलेलीच बरी वाटायला लागली, श्रीशैल. मेलेल्या माणसाला दार उघडलं नाही तर चालतं.

श्रीशैल : आणि आम्ही हार आणलाय तुमच्यासाठी.

सिद्धोधन : चारला सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो, माझं दार, पंखा, सगळं.

नागुबाई : चारला न्हाई. आता. ठाण्यात चला.

सिद्धोधन : आत्ता? काकू, माझी नोकरी... केस होईल माझ्यावर. साक्षीची शाळा आहे.

नागुबाई : व्हऊ द्या. माझी बी पोरगीच हाय. मी बी सांगणार हाय तिथं, कडीवर कुणाचा हात व्हता ते. मालक घराभाईर काढतील मला. काढू द्या. तुमी एकटे न्हाई, सर. मी दाराच्या आतलं सांगते, तुमी भाईरचं सांगा.

श्रीशैल : जिंतूरच्या जीपवाल्यांतले दोघंतिघं अजून आहेत. मी थांब्यावर जाऊन विचारतो. आपल्या गावातल्या बायनाबाईचा जावई तेव्हा त्याच रस्त्यावर गाडी मारायचा.

सिद्धोधन : चार वर्षं झाली. कुणाला काय आठवणार?

श्रीशैल : तुम्हाला आठवतंय की.

नागुबाई : उठा, सर. चपला घाला.

सिद्धोधन : लोक येतील इथं.

श्रीशैल : मी सांगतो सत्कार नाही म्हणून. कारण विचारलं तर कारणही सांगतो. चला तुम्ही.

नागुबाई : सर, एक विचारते. आता खोटं बोलू नका, बरं वाटावं म्हणून बी बोलू नका. जिपीत तिला बसायला जागा मिळाली व्हती का?

सिद्धोधन : नाही, काकू. मागच्या फळीवर उभी होती. आतल्या एका बाईनं तिचं मनगट धरलं होतं.