बावीसचं ॲव्हरेज

डिझेल गाडी कितीचं ॲव्हरेज देते विचारताय म्हणून सांगतो. बायको गेल्यापासून माझी गाडी विश्रांतवाडी ते मंडई एवढीच फिरायची. एके दिवशी डॅशबोर्डवर धुराच्या फिल्टरचा दिवा लागला. येरवड्याचा मेकॅनिक म्हणाला, "काका, फिल्टर काजळीनं भरलाय. आठवड्यातून एकदा तासभर हायवेला पळवा, म्हणजे ती जळून जाईल."

"जाऊ कुठे?"

"कुठेही. एखाद्या नातेवाइकाकडे जा."

रविवारी एकटाच सातारा रस्त्याला लागलो. शिरवळच्या अलीकडे दिवा विझला. वर ॲव्हरेज चक्क बावीस! "अगं, बघ," म्हणून वळलो, तर शेजारची सीट रिकामी. मग गाडी बाजूला घेतली आणि मेकॅनिकला फोन लावून सगळं सांगितलं.

"वा काका! मग कोणाकडे निघालात?"

म्हटलं, "तुम्हालाच फोन केलाय ना."