मारीवॉनबाईंनी उतरवलेली पाटी

मंडळी, एवढ्या बर्फात गाड्या हाकत तुम्ही सगळे मारीवॉनबाईंना निरोप द्यायला आलात. सातवी पास माणूस मी, पुढचं शिक्षण वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मारीवॉनबाईंची लेक पुढे बसली आहे. माझी नात सई तिला हळू आवाजात इंग्रजीत सांगतेय, म्हणून मी सावकाश बोलतो.

बाई आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या या ट्रॉय गावातल्या शेजारीण. मूळच्या फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या, ब्रिटनी नावाच्या समुद्रकाठच्या मुलखातल्या. घरची भाषा ब्रेतॉन. फ्रेंचहून अगदी वेगळी.

तुमची मुलं माझ्या रविवारच्या मराठी वर्गाला येतात, आमच्या बेसमेंटमध्ये. सुरुवातीला मी एक कायदा काढला होता. इंग्रजी बोलेल त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी. दुसरा सापडला की पाटी त्याच्याकडे. वर्ग चिडीचूप झाला. मला वाटलं, वा, शिस्त लागली.

एका रविवारी बाई सफरचंदाचा केक घेऊन खाली आल्या. पाटी सईच्या गळ्यात होती. "हे काय?" सईने सांगितलं. बाई पायरीवरच बसल्या. केक मांडीवर तसाच.

मग बोलल्या, मला कळेल अशा सावकाश इंग्रजीत. त्यांच्या शाळेत ब्रेतॉन बोललं की गळ्यात लाकडी बूट अडकवायचे. दुसऱ्याला पकडून दिलं की सुटका. "मी कोणाला दिलं पकडून, ठाऊक आहे? धाकट्या भावाला. मला हाक मारत आला होता, आमच्या भाषेत." त्या दिवसापासून भाऊ त्यांच्याशी फक्त फ्रेंच बोलला. वर्षानुवर्षं. आणि बाईंनी स्वतःच्या लेकीला ब्रेतॉन शिकवलीच नाही.

मी म्हटलं, "अहो, पण मी तर आमची भाषा वाचवतोय."

"गळ्यात पाटी असली की पोर गप्प बसतं, दादा. सगळ्याच भाषांत."

असं म्हणून त्यांनी ती पाटी काढून माझ्या गळ्यात घातली. "आता तासभर तुम्ही इंग्रजी बोला." काय सांगू तुम्हाला. माझं तोडकंमोडकं इंग्रजी ऐकून पोरं हसून लोळली. सई म्हणाली, "आजोबा, यू आर सो बॅड!" मंडळी, कित्येक दिवसांनी पोर आपणहून माझ्याशी बोलली होती. चुकेल या धाकानं घरातही गप्प राहायची. नात हातची जात होती आणि मी शिस्त मिरवत होतो.

पाटी त्याच दिवशी कचऱ्यात गेली. आता वर्गात "आजोबा, मी होमवर्क फरगेट केलं" असं चालतं. चालू दे. बोलतात ना माझ्याशी?

बाईंच्या मुलखात आता सगळे विषय ब्रेतॉनमधून शिकवणाऱ्या शाळा आहेत. थोड्याच, आईबापांनी खस्ता खाऊन उभ्या केलेल्या. सरकार अजून हात आखडून आहे. पण त्या भावाची नात अशाच शाळेत जाते. गेल्या वर्षी तिचा फोन आला, तेव्हा मी बाईंच्या किचनमध्ये चहा घेत होतो. बाई अडखळत बोलत होत्या, पोर तिकडून दुरुस्त करत होती. मग फोन भावाने घेतला. काय बोलले ते मला कसं कळणार? पण भाषा तीच राहिली, एवढं कानाला कळलं. फोन ठेवून बाई म्हणाल्या, "दोघांनी मिळून माझ्या चुका काढल्या." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

बाई, तुम्ही तृप्त होऊन गेलात. आमचा नमस्कार घ्या.

मंडळी, दोन मिनिटं शांत उभे राहूया. मागे मुलं आहेत. त्यातलं कोणी मधेच काही बोललं, कुठल्याही भाषेत, तर त्याला गप्प करू नका.